आधी राखायचं, मग काढायचं
काळ्या दगडातून केळफूल घडताना

नशिराबादहून भुसावळकडे निघालं की साकेगावजवळ महामार्गावर वाघूर नदीचा पूल लागतो. ही वाघूर अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, लेण्यांच्या पायथ्याशी मोठा वळसा घेते, जामनेर तालुक्यातून उतरत आमच्याकडे येते आणि पुढे तापीला मिळते. अजिंठ्याची तीस लेणी ज्या नालाकृती कड्यात आहेत, तो सुमारे ७५ मीटर उंचीचा कडा या नदीनंच कापून काढलेला आहे. पहिल्या पाथरवटानं तिथं छन्नी लावली, त्याच्या कितीतरी आधीपासून पाणी कामाला लागलेलं होतं. मऊ भाग वाहून गेला, टणक भाग उभा राहिला, आणि त्या उभ्या राहिलेल्या भागात माणसानं लेणी कोरली.

मी शिल्पकार आहे. नशिराबादला घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करते आणि आता फक्त काळ्या दगडातच काम करते. माझे विषय आजूबाजूचेच असतात: केळफूल, कपाशीचं फुटलेलं बोंड, चिंचेची शेंग, उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन. शेजारपाजारच्या बायका कौतुकानं येतात, थोडा वेळ बघत उभ्या राहतात आणि हमखास विचारतात, ‘ताई, या दगडात केळफूल आहे हे तुम्हाला आधीच दिसतं का?’ या प्रश्नाचं नीट उत्तर द्यावं, म्हणून हा लेख.

दगडात केळफूल नसतं. दगडात दगडच असतो, त्याला त्याचं वजन, त्याच्या चिरा आणि त्याचा स्वभाव असतो. केळफूल माझ्या डोळ्यात आणि हातात असतं. दोघांचं जुळवायचं, तर सगळ्यात आधी दगडातला कोणता भाग शेवटपर्यंत हलणार नाही ते ठरवावं लागतं. शिल्पकार नको तेवढा दगड काढून टाकतो, असं सगळीकडे सांगितलं जातं. माझ्या कामात काढणं ही नंतरची पायरी आहे. आधी राखावं लागतं.

दगडाचा स्वभाव

आपला काळा दगड म्हणजे बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा वर आला आणि पसरला. असे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. आजही त्यानं सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भाग व्यापलेला आहे. धुळे-नंदुरबारकडे लाव्हा ज्या भेगांमध्ये थिजला, त्या भेगा आज काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंतींसारख्या उभ्या दिसतात. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात.

लाव्हाचा प्रत्येक थर वरच्या बाजूला फुगेदार असतो, कारण निवताना त्यातला वायू वर येऊन तिथंच अडकतो. थराच्या मधला भाग हळू निवतो, म्हणून तो घट्ट आणि सलग असतो. फुग्यांच्या पोकळ्यांमध्ये पुढे खनिजांचं पाणी झिरपतं आणि स्फटिक तयार होतात. जळगाव परिसरातल्या खाणींतून निघालेले अ‍ॅपोफिलाइट आणि स्टिलबाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे आहेत. कोरणाऱ्याला मात्र अशी पोकळी त्रासाची. पाकळीची कड पातळ करत आणावी आणि नेमकी तिथंच पांढरी गार निघावी, असं होऊ शकतं. म्हणून मूर्तीसाठी थराच्या पोटातला घट्ट दगड शोधावा लागतो.

हा दगड जड असतो. एक घनफूट बसाल्टचं वजन ऐंशी किलोच्या आसपास भरतं. संगमरवरापेक्षा तो कितीतरी कठीण असतो. संगमरवरावर छन्नी सरकते, बसाल्टवर ती उसळते. त्यामुळे इथं रेष ओढता येत नाही, ती टिंबाटिंबानं घडवावी लागते. एका घावात फार तर तांदळाएवढा कपचा निघतो. या संथपणाची मला आवड आहे, कारण प्रत्येक घावानंतर पुन्हा बघायला सवड मिळते.

बागेतलं बघणं

केळफुलाला आमच्याकडे केळीचं कमळ म्हणतात. मृगबाग असो की कांदेबाग, झाड निसवलं की पोंग्यातून कमळ बाहेर येतं आणि स्वतःच्या वजनानं खाली झुकतं. मग जांभळट, जाड पाकळी उचलली जाते, मागे वळते, आणि तिच्याखाली फुलांची ओळ दिसते. सुरुवातीच्या ओळींच्या फण्या होतात. पुढच्या ओळींना फळ धरत नाही. घडात पुरेशा फण्या झाल्या की फळ चांगलं पोसावं म्हणून शेतकरी कमळ मोडून टाकतात. अशी मोडलेली कमळं बांधावर पडलेली असतात. मी ती पिशवी भरून घरी आणते.

घरी आणल्यावर त्यांचं चित्र काढते, मग एकेक पाकळी सोलते, मग पुन्हा चित्र काढते. सोलल्यावर कळतं की पाकळ्या एकावर एक सरळ बसलेल्या नसतात. प्रत्येक पाकळी आधीच्या पाकळीपेक्षा थोडी वळून बसते, त्यामुळे सबंध कमळाला एक पीळ असतो. बाहेरून बघणाऱ्याला तो पीळ पटकन दिसत नाही, जाणवतो मात्र. शिल्पात तो सुटला तर केळफुलाचा आकार नुसता शंकूसारखा होतो, कितीही पाकळ्या कोरल्या तरी.

बागेतून मला असं एखादं सूत्र हवं असतं. पानाची प्रत्येक शीर, पाकळीवरचा प्रत्येक डाग दगडात उतरवण्याचा मी आग्रह धरत नाही. वस्तू कशी वाढली, तिचं वजन कुठे आहे, ती कुठून ताणली गेली आहे आणि कुठे सैल आहे, हे कळलं की पुरे. केळफुलात मला तीन गोष्टी सापडल्या: पीळ, खाली ओढणारं वजन आणि उचलल्या गेलेल्या एका पाकळीखालची सावली. या तीन गोष्टी राखायच्या, बाकी सगळ्यावर तडजोड चालेल, असं मी वहीत लिहून ठेवलं.

त्यातल्या वजनानं पहिला पेच टाकला. झाडावर कमळ लोंबतं. दगड लोंबत नाही, तो टेकतो. लोखंडी सळईवर टांगून दाखवता आलं असतं, पण मग वजनाची भावना सळईकडे गेली असती. मातीचे लहान नमुने करत गेले, तेव्हा वाट सापडली. कमळ आडवं ठेवायचं, देठाकडची बाजू किंचित उचललेली आणि पोटाचा भार जमिनीवर. बांधावर मोडून पडलेलं कमळ असंच तर पडतं.

आवाज आणि पाणी

दगड निवडायला मी खाणीवर जाते. तिथले एक वयस्कर मिस्तरी वडार समाजातले आहेत. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जाती, पाटे, उखळं घडली. घरोघरी मिक्सर आले तसं ते काम आटलं. पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून द्यायला पूर्वी दारोदार माणसं येत, तेही आता क्वचित दिसतात. पण दगडाची पारख या मिस्तरींच्या हातात आहे तशीच आहे. ते हातोडीनं हलकेच ठोकतात आणि मान कलती करून ऐकतात. ‘ताई, डोळ्यानं नका पाहू, आधी ऐका. बद्द बोलला तर हात लावू नका.’

निरोगी दगड टणटणीत वाजतो. आत चीर असेल तर आवाज दबतो, कारण कंपनं त्या चिरेपाशी अडतात. आपल्या जुन्या शिल्पशास्त्राच्या ग्रंथांतही आवाजावरून दगडाचे पुरुष, स्त्री आणि नपुंसक असे प्रकार सांगितले आहेत. यावरून ही परीक्षा किती जुनी आहे ते कळतं.

दुसरी परीक्षा पाण्याची. दगड भिजवायचा आणि उन्हात ठेवायचा. पृष्ठभाग वाळतो, पण चिरेत पाणी धरून राहतं, त्यामुळे कोरड्या दगडावर चिरेची बारीक काळी रेघ उमटते. ती रेघ खडूनं गिरवून ठेवली की दगडाचा नकाशा तयार होतो. चीर नेमकी टाकून द्यायच्या भागात येत असेल तर ती मदतच करते, कारण तिथं पाचर ठोकली की मोठा तुकडा आपसूक सुटतो. राखायच्या भागात येत असेल, तर दगड बदलायचा किंवा कल्पना फिरवायची. या केळफुलात उचललेली पाकळी आधी उजवीकडे होती. दगडाच्या चिरेनं ती डावीकडे नेली, आणि तिथं सकाळचं ऊन चांगलं पडतं.

छन्नी लागते तेव्हा

काम पहाटे सुरू होतं. उन्हाळ्यात इकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, दुपारी दगडाला हात लावणं शक्य नसतं. सकाळचं तिरपं ऊन आणखी एका कारणासाठी हवं असतं. त्यात पृष्ठभागावरचा लहानसा चढउतारही सावलीनं उठून दिसतो. दुपारच्या डोक्यावरच्या उजेडात सगळं सपाट वाटतं.

आधी गेरूनं दगडावर खुणा करते. पोटाचा सर्वांत फुगीर बिंदू, देठाचं टोक, उचललेल्या पाकळीची कड. हे माझे राखीव बिंदू. त्यांच्याभोवती बोटभर जास्तीचा दगड ठेवून बाकीचं काम सुरू होतं. मोठे तुकडे काढायला ओळीनं भोकं पाडून पाचरी ठोकायच्या. मग टोकदार छन्नीनं ढोबळ आकार, मग दातेरी छन्नी, मग सपाट. छन्नीचं टोक सारखं बोथट होतं. ते भट्टीत लाल करून, ठोकून, पुन्हा पाणी द्यावं लागतं. पाणी जास्त चढलं तर टोक तुटतं, कमी चढलं तर वाकतं. आता टंगस्टन कार्बाइडच्या टोकाच्या छन्न्या आणि हिऱ्याच्या पात्याचे ग्राइंडर मिळतात. ढोबळ कामाला मी ते वापरते. आकार जवळ आला की मात्र हातोडी-छन्नीच बरी, कारण हाताला दगडाचा प्रतिसाद कळतो.

छन्नीचा कोन महत्त्वाचा. घाव तिरपा बसला तर कपचा सुटून जातो. सरळ काटकोनात बसला तर कपचा निघत नाही आणि दगडाला आत मुका मार लागतो. वरून काही दिसत नाही, पण पुढे घासताना तिथं पांढरा डाग उगवतो आणि तो खोलवर गेलेला असतो. म्हणून शेवटच्या पृष्ठभागाच्या जवळ जाताना घाव हलके होत जातात.

एक गोष्ट दगडकाम शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाला सांगायला हवी. धूळ अंगावर घेऊ नका. पाणी मारत कापा, चांगला मास्क लावा. दगडाच्या बारीक धुळीनं फुप्फुसं कायमची निकामी होतात, आणि खाणीत, क्रशरवर राबणाऱ्या माणसांनी याची किंमत मोजलेली आहे. कला असो की मजुरी, श्वास सगळ्यांचा सारखाच मोलाचा.

अर्धवट लेण्याची शिकवण

आधी राखायचं, हे मी अजिंठ्याला शिकले, आणि तेही एका अपुऱ्या लेण्यात. २४ क्रमांकाचं लेणं पुरं झालं असतं तर तिथल्या सर्वांत मोठ्या विहारांपैकी एक ठरलं असतं. संशोधक वॉल्टर स्पिंक यांच्या मते वाकाटक राजा हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वारला आणि त्यानंतर कामं विस्कटत गेली. पर्यटक या लेण्यासमोरून भराभर पुढे जातात, कारण तिथं प्रसिद्ध चित्रं नाहीत. मला मात्र तिथं कारागिरांची विचार करण्याची पद्धत उघडी पडलेली दिसते.

लांब, खोल चर खणत जायचे आणि दोन चरांमधले उभे बांध मग फोडून काढायचे. छत आधी, जमीन शेवटी. यामुळे पायाखाली कायम दगडाचीच पक्की जमीन राहते, उंच परांची बांधावी लागत नाही आणि फुटलेला दगड पुऱ्या झालेल्या कामावर पडत नाही. जिथं खांब यायचा आहे तिथं दगडाचा जाड ठोकळा तसाच सोडून द्यायचा. एकीकडे खोदाई चालू असताना दुसरीकडे तयार झालेल्या भागावर नक्षी सुरू. म्हणजे शेवटच्या खांबाची जागा पहिल्या घावाच्या वेळी ठरलेली होती. इथं चुकून काढलेला दगड परत लावता येत नाही, म्हणून सगळी योजना राखण्याची आहे.

पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एका खांबावर चार हरणं आहेत. चारही शरीरांची ठेवण वेगळी, डोकं मात्र एकच. ज्या हरणाकडे बघावं त्याचंच ते डोकं वाटतं. लोक याला चमत्कार समजून हसतात आणि पुढे जातात. मी त्याकडे मोजमाप म्हणून बघते. चार माना ज्या एका जागी येऊन मिळतात, तेवढा दगड कारागिरानं आधी राखला. आणि हरणाची मान किती वळते, बसलेल्या हरणाची किती, उभ्या हरणाची किती, हे त्याला रानात बघून पाठ असल्याशिवाय हे जमलं नसतं. निसर्गापासून प्रेरणा घेणं म्हणजे काय, याचं इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

चाळीसगावच्या बाजूनं गौताळ्याच्या जंगलात गेलं की पितळखोऱ्याची लेणी आहेत, अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या काळातली. तिथं सापडलेला हसऱ्या चेहऱ्याचा बुटका यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या पंजावर कोरलेलं आहे की ही मूर्ती कान्हदास नावाच्या सोनारानं केली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मोजक्याच कारागिरांची नावं आपल्यापर्यंत पोचली आहेत, त्यातलं हे एक आपल्या परिसरातलं. यक्षाच्या अंगावरचे दागिने बघितले की सोनाराचा हात ओळखू येतो. सोन्यावर सवय झालेल्या हातानं हा कठीण दगड आपलासा केला, ही गोष्ट मला फार बळ देते.

एका दगडाचे तीन रंग

केळफुलाचा आकार उभा राहिल्यावर रंगाचा विचार सुरू झाला. बसाल्टला रंग लावावा लागत नाही. ऊनपावसात राहिलेल्या दगडाला तपकिरी साल असते. छन्नीनं टोचलेला भाग फिकट राखाडी दिसतो, कारण खडबडीत पृष्ठभागावरून उजेड सगळीकडे विखुरतो. तोच भाग खरखरीत दगडानं, मग बारीक होत जाणाऱ्या कागदांनी पाणी घालून घासत नेला की तो खोल काळा होतो.

मी देठाकडच्या बाजूला खाणीतली मूळ साल तशीच ठेवली. बाहेरच्या पाकळ्यांवर छन्नीचे टिंब ठेवले, सगळे पिळाच्या दिशेनं. फक्त उचललेल्या पाकळीची आतली बाजू घासून काळीभोर केली. खऱ्या केळफुलातही पाकळीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा तुळतुळीत असते. हात लावणाऱ्याला बोटांनी तिन्ही पृष्ठभाग वेगळे कळतात. माझ्या शिल्पांना हात लावायला मी कुणालाही मना करत नाही.

साल राखायचं धाडस मला इसामू नोगुचीच्या कामातून मिळालं. हा जपानी-अमेरिकन शिल्पकार (१९०४–१९८८) उत्तरायुष्यात जपानच्या शिकोकू बेटावरच्या मुरे या दगडकामाच्या गावी, मासातोशी इझुमी या कसबी दगडकाम्यासोबत बसाल्ट आणि ग्रॅनाइटमध्ये काम करत असे. त्याच्या मोठ्या बसाल्ट शिल्पांत बराचसा पृष्ठभाग निसर्गानं दिला तसाच सोडलेला असतो आणि मोजक्याच जागी माणसाचा हात दिसतो. पॅरिस-न्यूयॉर्क बघितलेल्या माणसाला शेवटी दगड फोडणाऱ्यांच्या गावात राहावंसं वाटलं, याचा अर्थ आपल्या गावांनीही समजून घ्यायला हवा.

आपला दगड, आपली मुलं

आज आमच्या भागात काळ्या दगडाची ओळख गिट्टी आणि खडीपुरती उरत चालली आहे. रस्ते, घरं, धरणं यांना खडी लागणारच. पण सगळाच दगड एका क्रशरमधून जाण्याची गरज नाही. खाणीत सलग, घट्ट, टणटणीत वाजणारा दगड निघाला तर तो बाजूला काढून ठेवता येतो. तो ओळखणारी माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांना मजूर म्हणून हाक मारण्याऐवजी गुरुजी म्हणून शाळेत बोलवावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. चित्रकलेच्या तासाला मुलांच्या हातात एकदा तरी वाघुरेतला गोटा, एक छन्नी आणि डोळ्यांना लावायचा चष्मा द्यावा. फूल चितारताना जे लक्षात येत नाही ते दगड हातात घेतल्यावर येतं: फुलाला वजन असतं, मागची बाजू असते, आणि एकदा उडवलेली कड परत येत नाही.

माझ्याकडे सुट्टीत गावातली मुलं येतात. त्यांना मी आधी छन्नी देत नाही, खडू देते. दगडावर फक्त एवढंच दाखवा म्हणते, की कुठला भाग शेवटपर्यंत हलणार नाही. मुलं सुरुवातीला सगळीकडेच खुणा करतात. मग भांडतात, पुसतात, कमी करत आणतात. तीन-चार खुणा उरल्या की समजायचं, काम सुरू करायला हरकत नाही.

यंदा अजिंठ्याला जाणार असाल तर चित्रं बघाच, २६ क्रमांकाच्या लेण्यातला सुमारे सात मीटर लांबीचा निजलेला बुद्धही बघा. पण थोडा वेळ २४ क्रमांकासाठी राखून ठेवा. मुलांना सोबत घेऊन तिथल्या अर्धवट खांबांसमोर उभे राहा आणि त्यांना विचारा, कारागिरानं पुढचा घाव कुठे घातला असता, आणि कुठे मुळीच घातला नसता. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलं अचूक देतात, हा माझा अनुभव आहे. ज्याला ते उत्तर देता आलं, त्याला दगडकामाचा पहिला धडा आलाच.